हौसाक्काची साओ पावलोची वाट

आमच्याकडे दहावीची परीक्षा ब्राझीलवर संपते. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास सगळं उरकलं की शेवटच्या दिवशी भूगोल येतो, आणि भूगोलात अर्धा भारत तर अर्धा ब्राझील. पेपर सुटला की मुलं अशी धावत बाहेर पडतात की ॲमेझॉनचं खोरं, कॉफीचे मळे, मकरवृत्त, सगळं बाकांवरच सांडून राहतं. शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाची पानगळ तेव्हा ऐन भरात असते. वाळक्या पानांवरून सायकली करकरत निघून जातात आणि आवार एकदम रिकामं होतं. म्हसवडमध्ये इतकी वर्षं भूगोल शिकवते आहे, पण त्या रिकाम्या दुपारची मला अजून सवय झालेली नाही.

यंदाही ती दुपार आली. गठ्ठे सीलबंद होऊन गेले, शिपायानं वर्गांना कुलपं लावली, आणि मला दोन वर्षांपूर्वीचा फाल्गुन आठवला.

त्या दिवशीही भूगोलाचाच पेपर होता. फाटकाशी हौसाक्का उभी होती. माझ्या जुन्या विद्यार्थिनीची, मनीषाची आई. मेंढपाळाचं घर. नवरा म्हाकूतात्या दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरतो आणि पावसाच्या तोंडावर परत येतो. हौसाक्काही अर्धं आयुष्य त्या कळपामागं चालली. आता वस्तीवर डाळिंबाची थोडी बाग झाली, म्हणून ती घरी राहते. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली,

"बाई, तुमी मनीला ब्राझील शिकीवला व्हता न्हवं?"

"शिकवला होता की."

"मग आता तितं जायचं कसं, त्ये बी सांगा."

आधी मी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. मनीषा लग्नानंतर नवऱ्याबरोबर साओ पावलोला गेली होती, हे मला ठाऊक होतं. प्रसाद तासगावचा, साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. मनीषाला दिवस गेले होते, आणि रक्तदाब वर चढत होता. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. प्रसादला कामासाठी शहराबाहेर, कारखान्यांवर जावं लागायचं. सासू आधीच गेलेली. म्हणजे दिवसभर पोरगी एकटी, परक्या देशात, छताकडे बघत पडलेली.

"काल फोनवर रडली न्हाई," हौसाक्का म्हणाली. "पर लय गप व्हती. रडली असती तर मी एवढी भ्याले नसते."

आम्ही कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर बसलो. मला साओ पावलोबद्दल काय काय ठाऊक होतं, ते मी मनात चाचपून पाहिलं. लोकसंख्या, उद्योगधंदे, कॉफी. पाच गुणांच्या उत्तराला पुरेल एवढं सगळं. पण विमानतळावरून घरी कसं जायचं, कोणत्या महिन्यात काय अंगावर घालायचं, वाट चुकली तर कुणाला विचारायचं, यातलं काहीच नाही. तरी तिला मी म्हटलं, "बघू या. दोघी मिळून शोधू."

तो उन्हाळा असा सुरू झाला. इकडं आमची संध्याकाळ व्हायची तेव्हा तिकडं मनीषाची सकाळ असायची. शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही तिला फोन लावायचो. एरवी शिक्षिकेनं प्रश्न विचारायचे आणि विद्यार्थिनीनं उत्तरं द्यायची असतात. इथंही तसंच होतं, फक्त मला उत्तरं खरोखरच माहीत नव्हती. मनीषा उशीला टेकून बसायची आणि सांगायची. विमान सरळ येत नाही, आखातात एकदा बदलावं लागतं. विमानतळाबाहेर कुणी टॅक्सी टॅक्सी करत मागं लागलं तर जायचं नाही, प्रसाद आत दाराशीच येऊन थांबेल. रस्त्यात मोबाईल हातात धरून चालायचं नाही, खेचून नेतात. बघायचाच असेल तर एखाद्या दुकानात शिरून बघायचा. मेट्रो चांगली आहे, भीती नाही. मिक्सर आणायचा नाही, तिथली वीज आपल्या निम्म्या दाबाची, आपला मिक्सर नुसता कण्हत बसेल.

"मग वाटायचं कशावं?" हौसाक्कानं विचारलं.

"आई, हितं मिक्सर हाय माझ्याकडं."

"मग आधी तसं सांग की."

पहिल्यांदा मनीषा हसली. पडद्यावर तिचा चेहरा जरा सुजलेला दिसत होता, पण हसली.

हवेचं गणित मात्र मला जमलं, आणि त्याचा मला उगाच अभिमान वाटला. विषुववृत्ताच्या पलीकडं ऋतू उलटे. आपला वैशाख पेटतो तेव्हा तिथं हवा गार व्हायला लागते, आणि आपल्या आषाढात तिथं थंडी. मकरवृत्त त्या शहराला चाटून जातं, आणि शहर वसलंय साधारण आपल्या साताऱ्याइतक्याच उंचीवर. हे नकाशात पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मी हौसाक्काला म्हटलं, "अगदी परकं नाही. साताऱ्याला थंडीत जशी हवा असते, तशी. वर बारीक पाऊस."

"म्हंजे घोंगडं लागतंय," ती म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

दुसरं सापडलं ते भाषेत. पोर्तुगीज कानावरून जावी म्हणून मनीषा रोज चार शब्द सांगायची. बटाट्याला तिथं बताता. चावीला शावी. साबणाला साबाँव. हौसाक्का ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही तर आपलीच बोली हाय, जरा बोबडी." कधीतरी गोव्याकडून, कोकणातून आलेले ते शब्द आमच्या माणदेशात मुरले, आणि आता एक बाई ते परत घेऊन निघाली होती. एकच शब्द तिला काही केल्या येईना. आभार मानायचा, 'ओब्रिगादा'. ती 'वबरीगादा' म्हणायची. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. आभार पोचले म्हणजे झालं.

म्हाकूतात्या कऱ्हाडकडच्या एका शिवारात खतासाठी मेंढरं बसवून होता. त्याला फोनवर कळवलं. दोन दिवसांनी एसटीनं स्वतःच आला. शाळेच्या व्हरांड्यात खाली बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बाई, बाईमानूस एकलं कसं जाईल एवढ्या लांब?"

मी काही बोलायच्या आत हौसाक्का म्हणाली, "आवं, कोयनानगराच्या घाटात तुमाला हिवताप भरला, तवा समदा कळप घेऊन म्होरं कोन गेलं व्हतं?"

तात्यानं पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं. मग त्यानं मला एकच विचारलं. "तितं आपल्यावानी कुनी हाय का? मेंढरं राखनारं?"

मी सांगितलं की दक्षिणेला, थंड मुलखात मेंढरं पाळतात. शहरात नाहीत. पण देशात आहेत.

"मग ठीक हाय," तो म्हणाला. मेंढरं असलेल्या देशात माणूस उपाशी राहत नाही, असा त्याचा हिशेब असावा.

पासपोर्टसाठी साताऱ्याला दोन खेपा झाल्या. खरी अडचण आली ती लशीची. ब्राझीलमधून परत येणाऱ्याकडे पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला लागतो, आणि ती लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीच्या पुढच्या माणसाला मात्र ती सरसकट देत नाहीत, तब्येत बघून ठरवतात. हौसाक्काचं वय आधार कार्डावर साठीच्या पुढं होतं. शाळेत कधी न गेलेल्या बाईला कुणीतरी एक जून ही तारीख आणि अंदाजानं एक साल लावून दिलं होतं.

आम्ही मिरजेला एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कार्ड पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"आजी, खरं वय किती?"

"कोयनेचा भूकंप झाला, तवा मी आईच्या पोटात व्हते. आई सांगायची, घर हाललं तशी तूबी हाललीस."

डॉक्टरांनी चष्मा काढून बोटांवर मोजलं, साठीला अजून थोडी वर्षं होती, आणि मान हलवली. मग कसून तपासलं. रक्त, छाती, जुने आजार, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "अंडं चालतं का? अंगावर पुरळ वगैरे?"

"समदं चालतंय. न चालायला आमी काय माळकरी न्हाई."

ते हसले, पण लगेच गंभीर होऊन खुर्ची तिच्याजवळ ओढली. "हे बघा, तुमची तब्येत उत्तम आहे. माझ्या मते तुम्ही लस घेऊ शकता. पण या वयात थोडा धोका राहतोच. फार थोडा, पण राहतो. मी लिहून देतो, घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

मला वाटलं ती माझ्याकडे बघेल. ती खिडकीबाहेर बघत होती. खाली रिक्षावाले स्टेशनची गिऱ्हाइकं बोलवत होते. "डाक्टर," ती म्हणाली, "तितं ते डास चावून ताप आला तर पोरीनं माझं करायचं का मी पोरीचं? द्या लिवून."

लस पुण्याला मिळाली. दंड चोळत ती बाहेर आली आणि आता काय म्हणून विचारू लागली. मी तिला मेट्रोत नेलं. साओ पावलोत मेट्रो, तर तिची ओळख इथंच करून घेऊ, असा माझा बेत. सरकत्या जिन्यापाशी ती थबकली. पायऱ्या जमिनीतून उगवत होत्या आणि वर जाऊन गडप होत होत्या. मागं माणसं साचली. तिनं लुगड्याचा काठ जरा उचलला, ओढ्यात पाय घालावा तसा पाय टाकला आणि वर गेली. मग खाली आली. मग मला न विचारता परत वर गेली. तिसऱ्या फेरीला मी खाली उभी राहून तिच्या पिशव्या सांभाळत होते, आणि ती वरून हात हलवत होती. इतक्या मजेत मी तिला त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

चैत्र सरला. कडुलिंबाला मोहोर आला, त्याचा कडसर गोड वास व्हरांडाभर पसरला. आणि एका संध्याकाळी मनीषाऐवजी प्रसादनं फोन उचलला. रक्तदाब फार वाढला होता, तिला दवाखान्यात ठेवलं होतं. बाळ वेळेआधी काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणत होते. व्हिसा अजून आलेला नव्हता.

ते चार-पाच दिवस मला नीट आठवत नाहीत. मी नव्या दहावीच्या उन्हाळी वर्गाच्या चाचणीचे पेपर तपासत होते. ब्राझीलच्या ईशान्येकडे पाऊस कमी का पडतो, या प्रश्नाची उत्तरं एकामागून एक वाचत होते. आमची मुलं ते उत्तर चांगलं लिहितात. डोंगराच्या आडोशाला पाऊस येत नाही, हे माणदेशातल्या पोराला शिकवावं लागत नाही. हौसाक्का वस्तीवर डिंकाचे लाडू वळत होती. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. मी तिला सांगितलं होतं की विमानतळावर सामान उघडायला सांगतील. सगळं बंद पुड्यात ठेवायचं आणि विचारलं तर काही लपवायचं नाही. ती म्हणाली, "लाडू कशाला लपवायचं? त्यास्नी बी देईन की येक."

व्हिसा आला. तिकीट अलीकडं ओढलं. मुंबईच्या विमानतळावर तिला सोडायला मी आणि म्हाकूतात्या गेलो. आत फक्त तिलाच जाता येत होतं. काचेच्या दाराशी तात्यानं तिच्या खांद्यावरचं घोंगडं नीट केलं. मेंढरं चरायला पांगताना बायकोला जे सांगत आला असेल, तेच त्यानं सांगितलं. "पानी बघून ऱ्हा." ती "व्हय" म्हणाली आणि आत गेली. मागं वळून पाहिलं नाही. तात्या मात्र ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ तिथंच उभा होता.

पुढचं सगळं मी तिच्या तोंडून ऐकलेलं. आखातातल्या विमानतळावर ती सांगितलेल्या दाराशी जाऊन बसली, आणि ऐन वेळी दार बदललं. भोवतालची माणसं उठून चालू लागली, तिला कळेना. शेजारी तिच्याच वयाची एक ब्राझीलची बाई होती. तिनं हौसाक्काचं तिकीट पाहिलं, आपलं दाखवलं आणि हात धरून तिला उठवलं. चालताना पिशवीतून डोकावणारं लोकरीचं टोपडं तिला दिसलं. त्याकडं बोट दाखवून ती विचारू लागली, "नेता? नेता?"

"मला वाटलं, इचारतीया, कुन्या पुढाऱ्याकडं चाललीस का म्हनून," हौसाक्का सांगत होती. "मी म्हनलं, न्हाई बया, आमचा कुनी नेता न्हाई. पोरगी हाय माझी. तर ती हसतीया, मान हालवतीया, आनि परत नेता नेता."

त्यांच्या भाषेत नात म्हणजे नेता, हे मनीषानं तिला नंतर सांगितलं. आणि झाली ती नातच. हौसाक्का पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोट उघडून काढलेली, ओंजळीत मावेल एवढी. श्वास घ्यायलाही तिला मदत लागत होती. काही दिवस काचेच्या पेटीतच होती. प्रसाद सांगतो, त्या दिवसांत सासूबाई तिथून हलत नसत. पेटीच्या काचेला कपाळ टेकून उभ्या असत.

मग बाळ जरा सावरलं. एक दिवस नर्स आली आणि तिनं खुणेनं समजावलं. बाळाला पेटीतून काढायचं, उघडंच, आणि आईच्या उघड्या छातीवर कापडानं बांधायचं. अंगाची ऊब लागली की बाळ तगतं, त्याचा श्वास मार्गी लागतो. मनीषा अजून फार थकलेली होती. थोडा वेळ तिनं धरलं, मग तिला घेरी येऊ लागली. नर्सनं हौसाक्काकडे पाहिलं.

"मला पुढचं सांगावं लागलं न्हाई," ती म्हणाली. "पौषाच्या थंडीत मेंढी रानात याली, कोकरू गारठलं, तर काय करतो आमी? चोळीत घालतो. रात्रभर चालतो तसंच. बाई, ती एवढीशी पोर माझ्या छातीवं पडली, आनि मला वाटलं, मी कुटं लांब आलेलीच न्हाई."

रोज दुपारी तिनं नातीला असं धरलं. नर्स तिला 'वो' म्हणू लागल्या. तिकडं आजीला लाडानं तसंच म्हणतात. बाळ घरी आलं तोवर तिथली थंडी सुरू झाली होती, आणि बारशाला पाळण्यात घोंगडं होतं. नाव सई ठेवलं. मी इथं जूनच्या पावसात छत्री धरून शाळेत चालले होते, तेव्हा मनीषानं फोटो पाठवला. रस्त्यात थांबून किती वेळ तो बघत होते.

पुढच्या महिन्यांत हौसाक्का त्या शहरात चांगली रुळली. तिथं दर वस्तीत आठवड्याचा बाजार भरतो, आपल्यासारखाच, रस्ता अडवून. तिला भेंडी सापडली, कोथिंबीर सापडली. एका कोपऱ्यावर घाणा लावून उसाचा रस देणारा सापडला, तेव्हा तर तिनं मला तिथूनच फोन केला. दुकानात शिरून, मनीषानं शिकवलं होतं तसं. "बाई, ऊस हाय हितं. आपल्यावानी आलं न्हाई घालत, लिंबू पिळत्यात. पर ऊस त्यो ऊसच." मागं घाण्याचा आवाज येत होता.

ती परतली तेव्हा श्रावण होता. विमानतळावर तात्या तिला घ्यायला गेला. दुसऱ्याच दिवशी ती बागेत फुटव्यांची छाटणी करत होती.

हे सगळं यंदाच्या त्या रिकाम्या दुपारी आठवत होतं, कारण माझ्या पिशवीत मनीषाचा निरोप होता. म्हणजे फोनमध्ये. 'बाई, आता तुम्ही या. सई दोन वर्षांची होईल. ज्या देशाचा नकाशा तुम्ही माझ्याकडून दहा वेळा काढून घेतला, तो एकदा बघून तरी जा.' हा निरोप येऊन आठवडा झाला होता, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मी एकटी राहते. आई गेल्यापासून साताऱ्याच्या घरीही फारसं जाणं होत नाही. पुण्याच्या पलीकडं मी फक्त मुंबई पाहिली आहे, तीही काचेच्या त्या दारापर्यंत. हौसाक्काला सगळं सांगणं सोपं होतं. स्वतःचं पाऊल उचलायचं म्हटलं की मी निरोप वाचून फोन पालथा ठेवते.

संध्याकाळी मी वस्तीवर गेले. तात्या अजून कृष्णाकाठीच होता. हौसाक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. मी तिला निरोप वाचून दाखवला आणि म्हटलं, "माझ्यानं होईल का गं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "पासपोर्ट हाय का?"

"नाही."

"मग सोमवारी साताऱ्याला जावा. आदी त्यो. लशीला माझ्यावानी अडचन न्हाई यायची, तुमी काय साठीच्या न्हाई. कपडं जाड घ्या. जूनला जाल तर लय गारठा असतोय." ती एकेक सांगत राहिली. मी फोनमध्ये टिपत होते. पण तिच्या पुढच्या वाक्याला माझी बोटं थांबली, कारण आता ती शहर सांगत नव्हती, गल्ली सांगत होती. मेट्रोतून वर आलं की डाव्या अंगाला भाकरीवानी वास येतो, तिथं पाववाला आहे. तिथून चढ लागतो, आपल्या अजिंक्यताऱ्याच्या वाटेवानी न्हाई, पर दम लागतो, दोनदा थांबायचं. पिवळ्या भिंतीचं घर आलं की रस्ता ओलांडायचा.

"प्रसाद येईल की न्यायला," मी म्हटलं.

"येईल. पर त्याला काम लागलं तर तुमास्नी वाट ठावं असावी." ती जरा थांबली, डोळ्यांपुढं ती गल्ली आणत असावी. "मनीचं दार तिसरं. घंटी हाय, पर वाजवू नका, बाळ निजलेलं असतंय. हाक मारा. हाक मारली की शेजारची म्हातारी आदी बाहेर येती, पांढऱ्या केसांची, माझी मैतरीन. मनीची चावी तिच्याजवळ बी असती. तिचं बोलनं तुमास्नी कळनार न्हाई, तुमचं तिला. नुस्तं म्हना, हौसा." तिनं सूप पुन्हा उचललं. "तेवढं म्हनलं की ती दार उघडती."